दर्यावरच्या माणसाला वाईट कळवू नये

रेवदंडा
२ ऑक्टोबर २०२४

अहो,

पोचल्याचा फोन आला, जीव भांड्यात पडला. रेंज गेली तेव्हा तुमचं शेवटचं वाक्य अर्धंच राहिलं. ‘हात कसा’ एवढंच ऐकू आलं. जेट्टीवर पाय घसरून मोडलेला हात आता ठीक आहे. डावाच आहे, उजवा शाबूत आहे, म्हणून तर लिहिते आहे. प्लास्टर दिवाळीपर्यंत राहील म्हणतात. तोवर बाजारात माझ्याबरोबर आई बसतात आणि गिऱ्हाइकांशी अशा भांडतात की धंदा बुडायची पाळी. काल अलिबागच्या एका बाईला म्हणाल्या, “पापलेट दाबून दाबून काय बघतंस? जावय करायचा हाय का त्याला?”

इथे सर्व खुशाल आहे.

तुम्ही गेलात त्या दिवशी आईंनी संध्याकाळपर्यंत केर काढू दिला नाही. जाणाऱ्याच्या पाठी झाडू फिरवायचा नसतो हे मलाही कळतं, पण काचा होत्या. ऋतिकाच्या पायात जातील म्हटलं, तर म्हणाल्या, “चपला घालून फिरा घरात, पन केर न्हाय काडायचा.” मग आम्ही तिघी दिवसभर घरात चपला घालून वावरलो. ऋतिकाला गंमत वाटली.

तुमची आठवण येते. तुमचा हिरवा बनियन मी धुतला नाही, तसाच घडी करून उशीखाली ठेवला आहे. पोर पाचवीला गेली तरी मी असले चाळे करते, हसू नका. वलांडीवर बोंबील वाळायला चढलेत, थंडीत पार्सल करीन. तुमच्या पलटणीच्या लंगरात जेवणाऱ्या पंजाब्यांना वास सोसवला तर खा, नाहीतर पुरून ठेवा बर्फात.

पत्र लिहा. फोनवर तुम्ही छान बोलता, पण पत्रात त्याहून छान बोलता.

तुमची केसर


९ फेब्रुवारी २०२५

अहो,

हे पत्र हातात पडेल त्याच सुमाराला तुमच्या ऑफिसात कोर्टाचं समन्स येईल. साहेबांच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. मी तुमच्यावर केस टाकली आहे. घरगुती हिंसाचाराची.

बसा आधी. पाणी प्या. मग पुढचं वाचा.

संक्रांतीला तुमचा फोन आला, पेन्शनचा कागद हातात पडला, ह्या वर्षीच्या डिसेंबरअखेर सुटणार, मग कायमचा घरी. मी ओरडलेच आनंदाने. अख्ख्या कोळीवाड्यात तिळगूळ वाटत सांगत सुटले की ऋतिकाचे पप्पा येणार, कायमचे येणार. घरी येऊन भाताचं आधण ठेवायला गेले आणि रिकामाच टोप चुलीवर ठेवून उभी राहिले. आईंनी विचारलं, “ताप भरला का गो?”

लग्नाला बारा वर्षं झाली. दर वर्षी दोन महिने सुट्टी. म्हणजे मी दहा वर्षं तुमची वाट बघितली आणि दोन वर्षं तुमच्याबरोबर राहिले. ती दहा वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. फोनवर जो माणूस ‘केसर, जेवलीस का’ म्हणतो, त्याच्यावर माझा जीव आहे. सुट्टीत घरी येतो तो दुसराच कोणी. पहिले चार दिवस तोही बरा असतो. मग कशाने तरी बिनसतं. भातात खडा, टीव्हीचा आवाज, मी बाजारातून उशिरा आले. आता हाच बारा महिने राहणार आणि फोनवरचा मला पुन्हा कधी भेटणार नाही, हे मला टोपाजवळ उभं राहून कळलं.

जेट्टीवर माझा पाय घसरला नव्हता. हे तुम्हाला लिहून सांगावं लागावं, काय म्हणायचं याला! तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी रघूच्या बोटीवरून बर्फ उतरवताना मी त्याच्याशी हसले, म्हणून तुम्ही घरी येऊन हात पिरगाळलात. मोडल्याचा आवाज तुम्हीही ऐकलात. मग कपाटाची काच फोडलीत आणि मग रडलात. तुमच्या पलटणीतल्या जोडीदारावर डोंगराचा बर्फ कोसळला ते मला माहीत आहे. तुम्ही त्याला उकरून काढलंत तेही माहीत आहे. मी त्यासाठी तुमच्याइतकीच रडले आहे. पण तो डोंगर मी नव्हते ना?

आधी मी तुमच्या साहेबांना अर्ज दिला होता. त्यांनी कळवलं, जवानाला बोलावून समज दिली आहे, कोर्टाचा मार्ग तुम्हाला मोकळा आहे. समज तर आईंनीही दिली होती, दरवेळी देतात. म्हणून कोर्ट. अलिबागच्या दिपाली मॅडम माझ्या वकील आहेत. मला तुम्हाला तुरुंगात टाकायचं नाही, तुमची पेन्शन बुडवायची नाही. फक्त तुम्ही ह्या घरात राहायचं नाही, एवढाच हुकूम मला हवा आहे.

आईंनी माझ्याशी बोलणं टाकलंय. एकाच घरात दोन चुली झाल्यात.

रागावला असाल. सांभाळून राहा तिथे.

केसर


२० जून २०२५

अहो,

कोर्टाने तुम्हाला मला फोन करायला, लिहायला, निरोप धाडायला बंदी केली आहे. मी लिहू नये असं कुठे म्हटलेलं नाही. दिपाली मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, “कायद्यात बसतं केसरताई, अकलेत बसत नाही.” तरी लिहिते.

आधीच्या तारखांना तुमच्या युनिटचा दाखला यायचा, जवान फील्डमध्ये आहे, हजर राहणं शक्य नाही. जज मॅडम पुढची तारीख द्यायच्या. मे महिन्यात टीव्हीवर बॉर्डरवरच्या हल्ल्यांचं ते सगळं सुरू झालं तेव्हा तर मीच तारखेचं नाव काढलं नाही. टीव्हीसमोरून हलले नाही. बाजारात बायका मला ऐकू जाईल असं म्हणायच्या, “नवरा बार्डरवर न् ही कोर्टात.” काय खोटं होतं त्यात? मी तुमच्यासाठी एकवीरेला नवस बोलले आणि त्याच आठवड्यात दिपाली मॅडमच्या ऑफिसात कागदावर सही करून आले. दोन्ही मनापासून केलं.

शेवटी जज मॅडम म्हणाल्या, येता येत नसेल तर व्हिडिओवर हजर करा. आणि तुम्ही भिंतीवरच्या पडद्यावर आलात. निळा शर्ट होता, मीच नागावच्या दुकानातून घेतलेला. गालफडं बसली आहेत तुमची. कानशिलाजवळ पांढरे झालेत. मी कुठे बसले आहे तेच विसरले.

“ऐकू येतंय का?” मॅडमनी विचारलं. तुम्ही “जी मॅडम” म्हणालात आणि चित्र थांबलं. तोंड अर्धं उघडं, डोळे सरळ माझ्याकडे. शिपाई वायरी हलवत राहिला, वकील घड्याळ बघत राहिले, मी तुमच्याकडे बघत राहिले. लग्न झाल्यापासून इतका वेळ तुमच्याकडे निवांत बघितलंच नव्हतं. समोर असता तेव्हा मान वर करायचा धीर होत नाही. तुम्ही किती देखणे आहात ते मला कोर्टात बसून कळलं.

मग आवाज आला आणि तुम्ही म्हणालात, “आरोप खोटे आहेत.”

निकाल लागेपर्यंत तुम्ही ह्या घरात यायचं नाही, असा तात्पुरता हुकूम झाला. माझ्या मनासारखं झालं. येताना चौलच्या नाक्यावर एसटी थांबली तेव्हा मला इतकं रडू आलं की शेजारच्या म्हातारीने विचारलं, “कोन गेला गो घरातला?”

बोटी किनाऱ्यावर ताडपत्रीखाली आहेत. मी सुकी मासळी घेऊन बसते. तुमची खूप आठवण येते, पडद्यावर बघितल्यापासून जास्तच.

केसर


१२ सप्टेंबर २०२५

अहो,

काल उलटतपासणी झाली माझी. तुमच्या वकिलांनी बॅगेतून एक गठ्ठा काढला. खाकी दोरीने बांधलेला. ती माझी पत्रं होती. बारा वर्षांची.

खरं सांगते, आधी मला आनंदच झाला. मला वाटायचं तुम्ही वाचून फेकून देत असाल. इतक्या बदल्या झाल्या, बंकर बदलले, आणि तुम्ही सगळी जपलीत! काहींवर चहाचे डाग होते, एकाच्या कडा जळलेल्या, शेगडीजवळ वाचलं असेल. मी त्या गठ्ठ्याकडे बघून हसले. दिपाली मॅडमनी मला चिमटा काढला.

मग वकील वाचायला लागले.

“हे अक्षर तुमचं?”

“हो.”

“दोन ऑक्टोबर. ‘जेट्टीवर पाय घसरून मोडलेला हात आता ठीक आहे.’ तुम्हीच लिहिलंत?”

“हो.”

“‘इथे सर्व खुशाल आहे. तुमची आठवण येते.’ हेही तुमचंच? आणि हा बनियन, उशीखाली?”

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मी हो म्हणाले. मग ते एकामागून एक काढत गेले. कान फुटला होता त्या वर्षीचं. पोटातलं दुसरं राहिलं नाही त्या वर्षीचं. सगळ्यांत सर्व खुशाल. सगळ्यांत आठवण येते. शेवटी जूनचं. “केस टाकल्यावरही ही बाई लिहिते, तुम्ही किती देखणे आहात. मॅडम, ही मार खाल्लेल्या बाईची भाषा आहे का?”

फेब्रुवारीचं पत्र गठ्ठ्यात नव्हतं. ते तेवढं जपलं नाहीत.

बाजारात मी कोणाच्या बापाला ऐकत नाही, तुम्हाला माहीत आहे. काल मात्र दातखीळ बसली. काय सांगणार होते? सांगायला हवं होतं की लग्न होऊन आले त्याच वर्षी आईंनी मला बसवून शिकवलं होतं. दर्यावरच्या माणसाला वाईट कळवायचं नाही. तिकडे त्याचा हात सुकाणूवर असतो, मन इकडे आलं की हात चुकतो. बॉर्डरवरच्याचंही तेच, तिथे तर हात बंदुकीवर. घर जळत असलं तरी सर्व खुशाल लिहायचं. तुमच्या घरची रीत ती, मी सून म्हणून पाळली. तुम्ही मारलेला मारही तुम्हाला कळवला नाही. पण कोळीवाड्याबाहेरच्या माणसाला हे सांगायला गेले तर बनवाबनवीच वाटेल.

दिपाली मॅडम म्हणाल्या, “ह्या पत्रांनी आपली केस पातळ झाली. ही रीत दुसऱ्या कोणी येऊन सांगितली पाहिजे. सासूबाई येतील?”

मी घरी येऊन आईंच्या चुलीपाशी बसले आणि विचारलं. किती महिन्यांनी पहिल्यांदा त्या माझ्याशी बोलल्या. “आपलंच दात, आपलंच ओठ,” म्हणाल्या. “प्वोराच्या विरुद्ध उभी ऱ्हाऊ मी?” आणि निखारे पुढे ओढत बसल्या.

त्यांना दोष देत नाही. तुम्ही त्यांचा एकुलता मुलगा.

ही पत्रं आता तुमच्याकडे नाहीत, कोर्टाच्या फायलीत आहेत, ह्याचंच मला जास्त लागलंय. तुम्ही ती दिलीत कशी?

केसर


१५ नोव्हेंबर २०२५

अहो,

काल पडद्यावर तुम्ही होतात, म्हणजे ऐकलं असेलच. पण व्हिडिओत आवाज तुटत होता, तुम्ही दोनदा कानाला हात लावलात. म्हणून काय झालं ते लिहिते.

आई माझ्याबरोबर आल्या नाहीत. मी एसटीने गेले, त्या पाठीमागून विक्रम रिक्षातून, चौलच्या सगुणाताईंना घेऊन. तुमच्या बहिणीलाही वाटत होतं आई तुमच्या बाजूने बोलायला निघाल्यात. मलाही तसंच वाटलं. लग्नातली हिरवी साडी नेसल्या होत्या, केसात अबोली.

पण कोर्टात त्या सरळ दिपाली मॅडमकडे गेल्या आणि आपणहून आमच्या साक्षीला उभ्या राहिल्या. मॅडमनी विचारलं, दर्यावरच्या माणसाला काय कळवता तुम्ही?

“बरं हाय, येवढंच,” आई म्हणाल्या. मग कोणी न विचारता बोलत गेल्या. “ह्याच्या आदी मना येक प्वोर झालेलं. चांगदेव तवा दर्यावर व्हता, ह्याचा बापूस. प्वोराला ताप भरला, तिसऱ्या दिवशी गेलं. दुसरी बोट बर्फ घेऊन जायत व्हती. तिच्या तांडेलानं विचारला, काय सांगू चांगदेवला? मी सांगितला, सगला बरा हाय. तो आला तो प्वोरासाठी शिंपल्या घेऊन आला. किनाऱ्यावरनंच हाका मारीत आला त्याला.”

तुम्हाला भाऊ होता हे मला माहीत नव्हतं. तुम्हालाही नसावं. पडद्यावर तुम्ही मान खाली घातलीत.

जज मॅडमनी स्वतः विचारलं, “मग खरं सांगायचं कधी, आजी?”

“मानूस किनाऱ्याला लागला का.”

“आणि किनाऱ्याला लागलेला माणूसच मारत असेल तर?”

 सगुणाताईंनी आईंचा पदर ओढला, तो त्यांनी सोडवून घेतला. “तवा सोसायचा,” म्हणाल्या. “तवा बी कोनाला सांगायचा न्हाय. मीच शिकवला हिला त्ये. हात मोडला तवा जेट्टीचा पन मीच सांगितला. त्या कागदांवर अक्षर हिचा हाय, बोलनं माझा हाय.”

तुमच्या वकिलांनी विचारलं, मुलाविरुद्ध बोलायला सुनेने काय कबूल केलंय? आई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, “येक चूल.”

तुमच्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. बाहेर आल्यावर पायरीवर बसून त्यांनी विचारलं, “बारीक झालाय का गो त्यो?” मी हो म्हटलं. मग आम्ही दोघी रडलो.

केसर


३ जानेवारी २०२६, संध्याकाळ

अहो,

हे शेवटचं पत्र. सगुणाताईंच्या हाती देते आहे, आजपासून तुमचा मुक्काम त्यांच्याकडे आहे म्हणून.

निकाल तुम्हाला माहीत आहे. ह्या घरात पाऊल टाकायचं नाही, माझ्याशी संबंध ठेवायचा नाही, ऋतिकाला महिन्यातले दोन रविवार चौलला भेटायचं. जज मॅडमनी निकालात आईंचं बोलणं लिहिलंय. पत्रांबद्दलही लिहिलंय, की आठवण येणं म्हणजे मार न बसणं नव्हे. मी ती ओळ दिपाली मॅडमकडून दोनदा वाचून घेतली. माझ्या मनातलं मला इतकं नीट सांगता आलं नसतं.

तरी मागच्या आठवड्यात आपले पंच हरेश्वरमामा चार माणसं घेऊन आले. “पोरगा देशाची शेवा करून येतोय. मिरवणूक निघल, बेंजो सांगितलाय. रेवदंड्यात आजवर जो जवान सुटून आला, त्याच्या बायकोनं त्याला दारात ओवाळला. तू फकस्त ताट घेऊन उंबऱ्यावर उभी ऱ्हा. मंग जाईल तो चौलला. येका दिसानं कोर्ट काय बुडतंय का?”

मी नाही म्हटलं. पण मामा गेल्यावर ताट काढून घासलं. तुम्हाला काय सांगू? ह्या ओवाळण्याचं स्वप्न मी बारा वर्षं बघितलं. कोणती साडी नेसायची तेही ठरलेलं होतं. तुम्ही फुलांनी झाकलेल्या जीपमधून उतरणार, सगळा कोळीवाडा बघणार, आणि मी सगळ्यांदेखत तुमच्या कपाळाला हात लावणार.

आज दुपारी बेंजो ऐकू आला तेव्हा आई ताट घेऊन बाहेर गेल्या. नाक्यावरच्या देवळाशी त्यांनी तुम्हाला ओवाळलं, ते बरंच झालं. आईने ओवाळायलाच हवं. मी दाराला आतून कडी लावून उभी होते. वाटलं, तिथूनच चौलकडे वळाल. पण तुम्ही गल्लीत आलात. बेंजो थांबला. सगळे थांबले असावेत.

तुम्ही हाक मारलीत. “केसर.” मग जरा थांबून, “जेवलीस का?”

फोनवरचा आवाज होता तो. मी बारा वर्षं ज्याची वाट बघितली तो माणूस माझ्या दारात उभा होता, मधे एक फळी. हुकूम मोडून तुम्ही बोललात, हे मी दिपाली मॅडमना फोन करून कळवलं आहे, लपवणार नाही. पण तेव्हा मला हुकूम आठवला नाही, मोडलेला हात आठवला नाही, काहीच आठवलं नाही. मी कडीला हात घातला. अर्धी सरकवली सुद्धा.

मागे भांड्याचा आवाज झाला म्हणून वळून बघितलं. ऋतिका होती. तिने तुमची हाक ऐकली होती. ती घाबरलेली दिसली नाही. विळी उचलली आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसली. इस्त्री पलंगाखाली सरकवली. काचेचे पेले एकात एक घालून पोत्यामागे ठेवले. रोजचं काम करावं तशी सराईत हाताने. दर सुट्टीत माझी विळी हरवायची आणि मी तिलाच ओरडायचे, कुठे टाकतेस म्हणून.

सगळं ठेवून झाल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, “आता उघड, मम्मी.”

मी कडी परत लावली.

केसर